दाजी, दिल्लीचे साहेब आणि माझं इंग्रजी

हे किस्से खरं तर मी सांगू नयेत. माझी आठवण आता भरवशाची राहिलेली नाही. गेल्या महिन्यात एका लग्नात मी दाजींच्या आंब्यांचा किस्सा सांगत होतो, तर बायको मध्येच म्हणाली, "अहो, मागच्या वेळी तुम्ही तीन पेट्या सांगितल्या होत्यात. आज एकच?" घरी येऊन मी जुनी डायरी काढली. डायरीत आंब्यांचा उल्लेखच नाही. त्या पानावर फक्त 'उकाडा' एवढंच लिहिलं आहे.

असे किस्से साठत जातात ते असेच. एकाने सांगितला की दुसरा त्यात मूठभर खोबरं घालतो, तिसरा फोडणी देतो, आणि चाळीस वर्षांनी मूळ माशाची चव कुणालाच आठवत नाही. माझ्याकडून निदान खोबरं तरी कमी पडेल, एवढंच आश्वासन देतो.

दाजी आमच्या खाडीकाठच्या गावाचे सरपंच, पुढे मालवणच्या पंचायत समितीचे सदस्य. शिक्षण चौथी. मी मुंबईत रसायनशास्त्राची डॉक्टरेट घेऊन, आईच्या आजारपणात गावी आलो आणि हायस्कुलात मास्तर म्हणून राहिलो. दिल्लीचे साहेब म्हणजे त्या काळचे विरोधी पक्षाचे मोठे पुढारी, हिंदी मुलखातले. नाव सांगत नाही, कारण नावातही माझी चूक व्हायची.

दाजी आणि साहेब यांची दोस्ती होती, आणि ती पत्रांवर चालायची. दाजींची पत्रं इंग्रजीत मी लिहायचो. म्हणजे दाजींना आयुष्यात जी एक मोठी गोष्ट मिळाली होती, ती माझ्या इंग्रजीच्या टेकूवर उभी होती. आपल्या हातून ही दोस्ती मोडेल, अशी मला पहिल्या पत्रापासून भीती वाटत होती.

*

त्यांची ओळख तुरुंगातली. आणीबाणीत दाजींना मोर्चात पकडलं. दाजींच्या म्हणण्याप्रमाणे ते मोर्चात नव्हतेच. ते बाजारात खोबरेल घ्यायला गेले होते आणि मोर्चा त्यांच्या अंगावरून गेला.

बराकीत दाजी रोज सकाळी आंघोळ करून गाऱ्हाणं घालायचे. आमच्याकडे देवासमोर उभं राहून मोठ्याने जी विनंती करतात, ती गाऱ्हाणं. एकजण बोलतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला बाकीचे 'व्हय महाराजा' म्हणून होकार भरतात. बराकीत देशभरातले लोक होते. पहिल्या दिवशी दाजींना कुणीच होकार दिला नाही. आठवड्याभरात सगळी बराक होकार द्यायला लागली, आणि एका सकाळी कोपऱ्यातून एक उंच, चष्मेवाले गृहस्थ सगळ्यांपेक्षा मोठ्याने 'व्हय महाराजा' म्हणाले. तेच साहेब.

मग त्यांनी दाजींना विचारलं, "यह किस पार्टी का नारा है?"

दाजी म्हणाले, "पार्टीचा नाय. ह्यो अर्ज आसा. देवाक."

"और ये बाकी लोग?"

"हां म्हणूक व्हयेत. एकट्याचो अर्ज देव वाचणा नाय."

साहेब म्हणाले, "हमारी पार्टी में उल्टा है. अर्ज़ी सब देते हैं, हाँ कोई नहीं कहता."

मालवणी आणि हिंदीतलं हे संभाषण दोघांना कितपत कळलं असेल, याबद्दल मला शंका आहे. पण दोस्ती तिथेच जमली.

*

ऐंशीच्या सुमारास एका शनिवारी दाजी माझ्या पडवीत येऊन बसले. सोबत दोन शेजारी.

"मास्तर, साहेबाक पत्र घालूचा आसा. इंग्रजीत."

मी म्हटलं, "दाजी, साहेबांना हिंदी येतं. हिंदीतच लिहू या, सोपं पडेल."

"हिंदीत कोणय लिवता. इंग्रजी पत्र टेबलार जाता. हिंदी पत्र टेबलाखाली."

माणूस चौथी शिकलेला, मी डॉक्टरेट झालेला. तरी मला वाटलं, यांचंच बरोबर असेल. माझा स्वभावच तसा आहे.

दाजी उभे राहिले, हात जोडले आणि सांगायला लागले, "बा सायबा महाराजा, तू थय सुखी आसस अशी आमी आशा करतोव."

दोन्ही शेजारी म्हणाले, "व्हय महाराजा."

"आमच्या गावाक यंदा रस्तो येतलो असा सांगतत."

"व्हय महाराजा."

मी पेन थांबवलं. "दाजी, हे 'व्हय महाराजा' पण लिहायचं का?"

"लिवा तर. नायतर साहेबाक वाटात, मी एकटोच बोलतंय."

याला इंग्रजीत काय म्हणावं, यावर मी अर्धा तास घालवला. शेवटी प्रत्येक परिच्छेदाखाली लिहिलं, 'उपस्थितांनी यास संमती दिली.' महिन्याने दिल्लीहून टाईप केलेलं उत्तर आलं. खाली साहेबांची सही होती, आणि सहीच्या वर लिहिलं होतं, 'उपस्थितांनाही माझा नमस्कार कळवावा.'

दोन्ही शेजारी त्यानंतर दर शनिवारी धुतलेला शर्ट घालून यायला लागले.

*

एका पावसाळ्यात दाजींनी पत्रात सांगितलं, "पावस लांबलो हा. आमी दोन वेळ पेज जेवतोव. बरा चलला हा."

मी इंग्रजीत शब्दाला शब्द दिला. म्हणजे आम्ही दोन्ही वेळा भाताच्या पातळ कांजीवर दिवस काढत आहोत, असं ते झालं. 'बरं चाललं आहे' हे वाक्य मला त्यापुढे विसंगत वाटलं, म्हणून मी ते गाळलं.

पुढच्याच महिन्यात दाजींच्या अंगणात सरकारी जीप उभी राहिली. जिल्हा तेव्हा नवा झाला होता आणि अधिकारी उत्साही होते. एक तरुण अधिकारी फाईल घेऊन उतरला आणि म्हणाला, "दिल्लीहून विचारणा आली आहे. या गावात उपासमार कुठे आहे?"

दाजी जेवायला बसले होते. पुढ्यात पेज, निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा आणि कैरीची चटणी.

"हय आसा," दाजी म्हणाले. "बसा, दोन घास घेवा."

अधिकारी घाटावरचा होता. त्याने दोन वाडगे पेज घेतली, दुसरा बांगडाही मागून घेतला आणि तिथेच अहवाल लिहिला, 'प्रत्यक्ष पाहणी केली. परिस्थिती समाधानकारक आहे.'

जीप गेल्यावर दाजी माझ्याकडे आले. रागावले नव्हते. नुसतं म्हणाले, "मास्तर, तुमी माजी पेज दिल्लीक पोचवलात, पण बांगडो हयच ठेवलात."

*

आता आंबे. पेटी एक होती की तीन, ते बाजूला ठेवू.

दाजींचे मेव्हणे जामसंड्याचे बागायतदार. त्यांच्या बागेतला हापूस दाजींनी साहेबांना पाठवायचं ठरवलं. आंबा काढायचा कच्चाच, दिल्लीला पोचल्यावर गवतात घालून पिकवायचा. साहेबांच्या घरच्यांना हे कळवायला हवं, म्हणून दाजींनी मला एक वाक्य दिलं, "गवतात ठेवा, वास इलो की खावा."

मला ते अपुरं वाटलं. मी रसायनशास्त्राचा डॉक्टर. फळ पिकताना त्यातून कुठला वायू सुटतो, स्टार्चची साखर कशी होते, तापमान किती असावं, हे सगळं मी दीड पानात लिहिलं. खाली एक आकृतीही काढली. आंब्यांवर आजवर जे मी लिहिलं, त्यात ते सर्वांत चांगलं होतं असं मला अजून वाटतं.

उत्तर आलं. दाजींनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. साहेबांनी कच्च्या आंब्यांबद्दल आभार मानले होते आणि लोणचं घरात सगळ्यांना फार आवडलं, असं कळवलं होतं.

दाजींनी पत्र माझ्या हातून घेतलं आणि घडी घालून बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "लोणचा?"

"हो."

"हापूसचा?"

"हो, दाजी."

"तेल खयचा घातल्यानी?"

"ते लिहिलेलं नाही."

दाजी उठले, वहाणा घातल्या. पायरीवर थांबून म्हणाले, "ह्या माणसाक मी पंतप्रधान करूक निघालंय."

पुढच्या वर्षी पेटीबरोबर माझं पत्र गेलं नाही. दाजींनी झाकणाच्या आतल्या बाजूला कोळशाने एक मोठं नाक काढलं. साहेबांचं उत्तर आलं, की असा गोड आंबा त्यांनी जन्मात खाल्ला नव्हता.

*

एकदा साहेब कोकणच्या दौऱ्यावर आले आणि कणकवलीला सभा झाली. मंचावर जिल्ह्याचे सगळे पुढारी. त्यातल्या कुणाचं कुणाशी पटत नव्हतं, आणि ते कुठल्या क्रमाने बसणार यावर सकाळपासून भांडण झालं होतं. दाजींना मंचावर बोलावलं नव्हतं. आम्ही दोघे खाली सतरंजीवर, चौथ्या रांगेत. दाजी म्हणत होते, "हयसून बरा दिसता." पण ते सारखं धोतर नीट करत होते.

साहेब भाषणाला उभे राहिले आणि त्यांना दाजी दिसले. भाषण सोडून त्यांनी हाताने खूण केली, "दाजी, ऊपर आओ." मग माईकच दाजींच्या हातात दिला आणि म्हणाले, "दो शब्द."

दाजींनी भाषण कधी केलं नव्हतं. त्यांना एकच प्रकार येत होता. त्यांनी हात जोडले.

"बा सायबा महाराजा, आज तू आमच्या मुलखात इलंस, ता आमका पावला."

सभेतून आपोआप आलं, "व्हय महाराजा."

"तुजी पार्टी फुटाक लागली हा, ती सांध."

"व्हय महाराजा."

"ह्ये तुज्या बाजूक बसलेले हत, तेंची तोंडा चार दिशांक हत, ती एका दिशेक कर."

"व्हय महाराजा."

हा शेवटचा होकार सगळ्यात मोठा होता, कारण मंचावरचे सगळे पुढारीही त्यात होते. लहानपणापासूनची सवय. कशाला हो म्हटलं, ते त्यांना म्हणून झाल्यावर कळलं. साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. मी शपथेवर सांगू शकत नाही, पण ते हसत होते.

*

मग मधल्या एका निवडणुकीत साहेब पडले. आपटलेच म्हणायचे.

बातमी रेडिओवर आली आणि दाजी माझ्याकडे आले. शनिवार नव्हता, त्यामुळे शेजारी नव्हते. दाजी उभे न राहता पायरीवरच बसले आणि म्हणाले, "लिवा. पडलंस ता बरा झाला. धा वर्सां तुका झोप गावली नसतली. आता चार दिवस हय ये. माज्या पडवेत खाट घालतंय. कोण तुका काय इचारूचो नाय. पेज जेव आणि नीज."

होकार द्यायचं काम त्या दिवशी माझं होतं. मी दिला नाही. मी विचार करत होतो.

हरलेल्या माणसाला 'पडलास ते बरं झालं' असं इंग्रजीत कसं लिहायचं? दिल्लीत कुणी वाचलं तर? एवढ्या वर्षांची दोस्ती एका वाक्याने तुटली तर? मी स्वतःच्या मनाने लिहिलं, की निकाल ऐकून अतीव दुःख झालं, देशाला आपल्या मार्गदर्शनाची आज कधी नव्हे इतकी गरज आहे. दाजींना परत वाचून दाखवलं नाही. ते कधी मागायचेही नाहीत. त्यांनी खाली सही केली, नेहमीसारखी, मोठ्या अक्षरात.

उत्तर म्हणून छापील कार्ड आलं. सद्भावनेबद्दल धन्यवाद, एवढाच हिंदी मजकूर. सहीसुद्धा छापलेली.

दाजींनी कार्ड उलटसुलट केलं. "मास्तर, मागे काय लिवला हा?"

"काही नाही."

"माजा नाव?"

"नाही."

"बरा," म्हणाले, कार्ड खिशात घातलं आणि गेले.

पुढच्या शनिवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. पोस्टमन मला म्हणाला, "दाजी आता नाक्यार उभे ऱ्हवनत नाय. मी दिसलंय की दुसऱ्या वाटेन जातत." माझं जेवण कमी झालं. बायकोने दोन दिवस पाहिलं आणि मग विचारलं. मी सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "तुम्ही रसायनाचे डॉक्टर. प्रयोगशाळेत काय ते गाळा. दुसऱ्याच्या तोंडचं गाळायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

मी दाजींच्या घरी गेलो. ते अंगणात नारळ सोलत होते. मी उभ्यानेच सांगून टाकलं. मी काय लिहिलं, ते मराठीत करून शब्दाला शब्द सांगितलं. दाजी सोलायचे थांबले.

"म्हणजे 'पडलंस ता बरा झाला' ह्या लिवलातच नाय?"

"नाही."

"खाट?"

"नाही."

"पेज?"

"नाही, दाजी. मागच्या वेळी पेजेमुळे जीप आली होती, म्हणून..."

दाजी माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हातातला नारळ येतो. पण त्यांचे खांदे हलायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग आत गेले, देवाच्या फोटोमागे ठेवलेलं ते कार्ड काढून आणलं आणि माझ्या हातात दिलं.

"घेवा. साहेबान ह्या माका धाडूक नाय. तुमका धाडल्यान."

कार्ड अजून माझ्याकडे आहे.

*

त्यानंतर दाजी स्वतःच लिहायला लागले. मालवणीत, बॉलपेनने, एका पानावर जेमतेम आठ ओळी. माझ्याकडे फक्त पाकीट आणायचे. "पत्तो तेवडो तुमी इंग्रजीत घाला. तेच्यात गाळूक काय नाय मां?"

पहिल्या पत्रात त्यांनी तेच लिहिलं. पडलंस ता बरा झाला, खाट, पेज, सगळं. उत्तर साहेबांच्या हातचं आलं, हिंदीत, दोन ओळी. पत्र मिळालं, तब्येत सांभाळा. दाजींनी ते गावभर दाखवलं.

पण मला काळजीची सवय. मी उत्तरं नीट वाचायचो. दाजी लिहायचे, गाय व्याली, पाडा झाला. उत्तर यायचं, पत्र मिळालं, तब्येत सांभाळा. दाजी लिहायचे, खाडीचं पाणी विहिरीत शिरलं. उत्तर, पत्र मिळालं, तब्येत सांभाळा. दाजींनी जे लिहिलं, त्याचा एका शब्दाने उल्लेख नाही. मला खात्री झाली, की मालवणी पत्र तिथे कुणी वाचत नाही. एखादा सेक्रेटरी साहेबांपुढे कोरा कागद सरकवत असेल आणि साहेब सवयीने दोन ओळी खरडत असतील. हे मी दाजींना कधी बोललो नाही. एकदा गाळल्याचं त्यांनी हसण्यावारी नेलं होतं, आता हे सांगायची माझी छाती नव्हती. साहेब कधी आले नाहीत. दाजींनी खाट मात्र पडवीत ठेवली. जाईपर्यंत ते सांगत होते, "माजा अक्षर न् अक्षर वाचता तो."

दाजी गेले. पुढे साहेबही गेले. मी निवृत्त झालो, मुलगा नोकरीला दिल्लीला गेला. त्याच्याकडे राहायला गेलो असताना, धीर करून साहेबांच्या जुन्या सेक्रेटरींचा पत्ता शोधला. तेही माझ्याएवढेच म्हातारे. दाजींचं नाव काढल्यावर ते आतून दोन गठ्ठे घेऊन आले.

पहिल्या गठ्ठ्यात माझी इंग्रजी पत्रं. प्रत्येकावर आवक क्रमांक, शिक्का आणि 'उत्तर दिले' अशी नोंद. आंब्याचं दीड पानही होतं, आकृतीसकट.

दुसऱ्या गठ्ठ्यात दाजींची मालवणी पत्रं. त्यांच्यावर क्रमांक नाही, शिक्का नाही. सेक्रेटरी म्हणाले, ही ऑफिसात कधी आलीच नाहीत, साहेबांच्या पलंगाशेजारच्या खणात सापडली.

मी एकेक उलटून पाहिलं. पत्राच्या मागे, साहेबांच्या हातची एकच ओळ. पुढच्या पत्रामागे तीच. त्याच्या पुढच्यामागेही तीच, शेवटच्या पत्रापर्यंत. आठवणीवर विसंबायला नको, म्हणून मी त्यांच्या परवानगीने झेरॉक्स काढून आणली. आता समोर ठेवूनच उतरवतो आहे:

'कुछ समझ में नहीं आया। पढ़कर अच्छा लगा।'